आत्माविष्काराची मालकी कोणाकडे?

पुरोगामी चळवळीच्या अभ्यासवर्गांतून अलीकडे एक तक्रार वारंवार ऐकू येते. तरुण पिढी समाजापासून तुटली आहे, ती सदोदित स्वतःलाच जगापुढे मांडत असते, रील आणि यूट्यूबच्या नादात तिला संघटनेचा विसर पडला आहे, असा या तक्रारीचा आशय असतो. तक्रार करणाऱ्यांचा हेतू प्रामाणिक असला तरी त्यांचे निदान चुकीचे आहे. शतकानुशतके ज्यांना आपले नावही ताठ मानेने सांगता आले नाही, त्या थरांतील मुलगा किंवा मुलगी ‘हे मी रचले, हे मी घडवले’ असे चारचौघांत सांगू लागते, तेव्हा त्या कृतीला आत्मप्रौढी म्हणणे म्हणजे प्रस्थापितांचाच निकष उसना घेणे होय. घराण्यांचे इतिहास आणि आत्मचरित्रे लिहिणाऱ्यांना आत्ममग्न म्हटल्याचे सहसा ऐकिवात नाही.

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तरी ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. नागसेनवनाच्या परिसरातून मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतली, घरात प्रथमच अक्षर आणणारी पिढी शिकून बाहेर पडली. तिच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते. ते छापणारी जागा नव्हती. नामवंत मासिकांची अभिरुची निराळी, भाषेचे सोवळे निराळे. १९६७ साली प्रा. गंगाधर पानतावणे यांनी त्रैमासिक सुरू केले आणि ‘अस्मितादर्श’ या नावाने पुढे सुमारे पाच दशके ते चालवले. वर्गणीदारांची वर्गणी आणि संपादकाची पदरमोड हेच त्याचे भांडवल. कवितेची पहिली ओळ लिहिणारा अनोळखी तरुण आणि दलित साहित्याच्या व्याख्येवर वाद घालणारा समीक्षक यांना त्यात एकत्र जागा मिळे. त्यातले सगळेच लिखाण उत्तम होते असे मुळीच नव्हे. परंतु त्याच्याभोवती लेखक-वाचकांचे मेळावे भरत, मतभेद समोरासमोर होत, आणि कोणाचे लिखाण का घेतले वा का नाकारले याचा जाब एका ओळखीच्या माणसाला विचारता येई.

आज वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर राबणाऱ्या एखाद्या तरुणाला आपले गाणे लोकांपुढे ठेवायचे असेल, तर त्याला संपादकाची प्रतीक्षा करावी लागत नाही. भीमगीते जलशातून कॅसेटवर आली आणि कॅसेटवरून यूट्यूबवर गेली. या प्रवासात कष्टकऱ्यांचे खरोखर काही साधले आहे. हे मान्य न करता केली जाणारी टीका वांझ ठरेल.

खरा प्रश्न पुढे येतो तो मालकीचा. यूट्यूबवरील जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा हवा असेल, तर १००० वर्गणीदार आणि मागील १२ महिन्यांत ४००० तासांचे प्रेक्षण (किंवा लघुचित्रफितींसाठी ९० दिवसांत १ कोटी दर्शने) ही अट आहे. ती पूर्ण करणाऱ्यालाही दीर्घ चित्रफितीवरील जाहिरातीच्या उत्पन्नातून ५५ टक्केच मिळतात. ४५ टक्के कंपनी ठेवते. अट पूर्ण न करणाऱ्याच्या चित्रफितीवरही जाहिरात दाखवण्याचा हक्क कंपनीने २०२०-२१ साली नियम बदलून स्वतःकडे घेतला, आणि त्या जाहिरातीतला छदामही रचणाऱ्याला मिळत नाही. वरकड मूल्याचा सिद्धांत शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांना याहून सोपे उदाहरण शोधावे लागणार नाही. गिरणीच्या दाराशी निदान हजेरीपट असे. येथे राबणाऱ्याला आपण राबतो आहोत याची जाणीवही नसते.

मालकाच्या मर्जीइतकीच सरकारची मर्जीही येथे चालते. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. बंदीच्या समर्थनार्थ राष्ट्रीय सुरक्षेची कारणे दिली गेली. त्यांची चर्चा स्वतंत्रपणे व्हावी. परंतु ग्रामीण महाराष्ट्रातील अनेकांनी तेथे मांडलेली नृत्ये, विनोद, शेतातले प्रयोग हे सारे त्यांच्या प्रेक्षकांसह एका आदेशाने नाहीसे झाले. त्याआधी ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले, ते तर निव्वळ कंपनीच्या हिशेबाने. ‘अस्मितादर्श’चा जुना अंक मात्र अजूनही ग्रंथालयाच्या कपाटातून काढून वाचता येतो. योगायोग असा की, २००९ साली पहिले विश्व मराठी साहित्य संमेलन पानतावणे यांच्याच अध्यक्षतेखाली कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे भरले. त्या शहराच्या परिसरातील मोजक्या कंपन्या आज मराठी तरुणाचा आवाज कोणापर्यंत पोहोचावा हे ठरवीत आहेत, आणि त्या निर्णयाची कारणे त्याला कोणी सांगत नाही.

तेव्हा तरुणांना ‘मोबाईल खाली ठेवा’ असे सांगत बसण्याऐवजी चळवळीने काही मागण्या हाती घ्याव्यात. पहिल्या दर्शनापासून जाहिरातीत वाटा, मजकूर काढल्यास मराठीत लेखी कारण, आणि आपले साहित्य प्रेक्षकांच्या यादीसह अन्यत्र नेण्याचा हक्क, या मागण्या ट्रेड युनियनच्या कार्यकर्त्याला परक्या वाटू नयेत. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने तीन तक्रार अपील समित्या नेमल्या आहेत. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसल्यास ३० दिवसांत तेथे दाद मागता येते. समित्या सरकारनेच नेमलेल्या असल्यामुळे सरकारविरोधी गाण्याला तेथे कितपत न्याय मिळेल याची शंका रास्त आहे. तरीही असे अर्ज लिहून देण्याचे काम पक्षाच्या प्रत्येक शहर कार्यालयाने, रेशनकार्डाचे अर्ज लिहून द्यावेत तितक्याच सहजपणे, सुरू करावे. आणि नव्या शाहिराला, चित्रकाराला, कारागिराला आपल्या कामाची एक प्रत वस्तीतल्या वाचनालयात आणून ठेवायला सांगावे. त्यासाठी एक संगणक आणि एक कपाट पुरेसे आहे.