पाणी ठेवलंत, आता जरा बघाही

ज्येष्ठ लागला तरी कऱ्हेचं पात्र कोरडंच. नीरा डाव्या कालव्याखालच्या गावांत पाटाला थोडंफार पाणी दिसतं; पण सुपे, मोरगाव, कऱ्हाटीच्या जिरायती भागात ओढे आटलेले, विहिरी तळाला. पाखरं मग आपल्या परसात येतात. तेव्हा पाऊस पडेपर्यंत पाणी ठेवाच.

मातीचं पसरट परळ घ्या, सावलीत ठेवा. पाणी दोन-तीन बोटंच असू द्या, मधे एक दगड ठेवा. रोज सकाळी परळ घासून पाणी बदला. शिळ्या पाण्यात डास होतात, पाखरांना रोग लागतात. मांजराला दबा धरता येईल अशा अडोशापासून ते लांब असू द्या.

आणि पाणी ठेवून लगेच कामाला लागू नका. घटकाभर ओट्यावर बसा. चिमणी दर घोटाला मान वर करते. होला चोच बुडवून सलग पितो. बुलबुल चोचीत अळी घेऊन सारखा मेंदीच्या कुंपणात शिरत असेल, तर आत पिल्लं आहेत. ती उडून जाईपर्यंत कुंपण छाटू नका. पंख फुटलेलं पिल्लू खाली पडलं, तर जवळच्या फांदीवर ठेवून बाजूला व्हा. माणसाचा हात लागला म्हणून आई त्याला टाकत नाही.

हीच नजर शेतातही ठेवा. टिटवी उघड्या रानात, खड्यांमध्ये अंडी घालते. रंग मातीचाच, त्यामुळे पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. भर उन्हात ती पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. कुळवणीच्या वेळी टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, तर औत थांबवा, अंडी शोधा, तेवढी जागा सोडून कुळवा. पावसाआधी बांध साफ करायचा तर विळ्याने करा; पेटवू नका. तितराचं घरटं त्याच गवतात असतं.

इंदापूरला तहसील कचेरीच्या आवारात, माणसांच्या वर्दळीत चित्रबलाक चिंचेवर घरटी करतात. झाड उभं राहिलं आणि कुणी त्रास दिला नाही, तर एवढे मोठे पक्षीही माणसाजवळ राहतात. आपल्या परसातल्या बुलबुलाला आणि बांधावरच्या तितराला तेवढंच हवं आहे. पाणी आजच ठेवा. आणि कोयता, काडी हातात घेण्याआधी एकदा वाकून बघा.