सातबारा जपता, मग एमआरआय का नाही?

आमच्या रावेरात सातबाऱ्याचा उतारा पेटीत कुलपाआड असतो. केळीच्या हिशेबपट्ट्याही तारेला टोचून ठेवलेल्या सापडतात. आजाराचे कागद मात्र कुठल्याशा पिशवीत चुरगळलेले! मला हे उलटे वाटते. उतारा सरकारी दप्तरातून पुन्हा निघेल. दोन वर्षांपूर्वीच्या मणक्याचे चित्र पुन्हा कसे काढणार?

एमआरआयचे यंत्र चुंबकाच्या साह्याने शरीराच्या आतले चित्र काढते. गाठ वाढली की आटली, हे जुने चित्र शेजारी ठेवले म्हणजे नीट कळते. म्हणून नुसत्या अहवालावर समाधान मानू नका. फिल्म आणि सीडीही मागून घ्या. इथला रुग्ण आज जळगावला, उद्या बऱ्हाणपूरला, परवा मुंबईला जातो. डॉक्टर बदलतात, कागदच तेवढे सोबत राहतात.

कागद देणे म्हणजे काही उपकार नव्हे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यास डॉक्टरांनी त्याचे कागद ७२ तासांत द्यायचे असतात. पण दाखल रुग्णाचे दप्तर जपण्याचे त्यांच्यावरील बंधन उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षांचेच. पुढची राखण घरच्यांनीच करायची. तेव्हा घरात माणशी एक फाईल करा, तारखेवार लावा आणि ती सातबाऱ्याच्याच पेटीत ठेवा.