मत्स्यखाद्यातील वनस्पती तेल: फरक कळतो तो ताणाच्या दिवशी

एल निनोमुळे समुद्राचे पाणी तापले आणि २०२३ मध्ये पेरूने आपल्या उत्तर-मध्य किनाऱ्यावरचा अँकोव्हेटा माशाचा पहिला हंगाम रद्द केला. जगातल्या मत्स्यतेलाचा मोठा वाटा याच छोट्या माशापासून निघतो. त्यामुळे मत्स्यतेलाचे दर विक्रमी पातळीवर गेले. नंतर तिथली मासेमारी सावरली, पण असा एक झटका बसला की खाद्य उत्पादक मत्स्यतेलाचे प्रमाण आणखी कमी करण्याच्या मागे लागतात. आपल्या किनाऱ्यावर मत्स्यतेल मुख्यतः तारलीपासून निघते आणि तारलीचाही भरवसा नाही. केरळमध्ये २०१२ साली सुमारे ४ लाख टन तारली मिळाली होती, २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनही भरली नाही.

मत्स्यतेलाची जागा घेणारी वनस्पती तेलेही स्थिर भावाची नाहीत. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केले आणि मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणले. भाव असे हलले की खाद्यात कोणते तेल परवडते हेही बदलते. मत्स्यपालकाच्या हातात येणाऱ्या पिशवीवर मात्र ‘फॅट ४ टक्के’ किंवा ‘५ टक्के’ एवढेच छापलेले असते. ते तेल कशाचे, हे बहुतेक वेळा कळत नाही.

नॉर्वेचा अनुभव

वनस्पती तेलावर मासे वाढवण्याचा सर्वांत मोठा अनुभव नॉर्वेच्या सॅल्मन व्यवसायाकडे आहे. १९९० मध्ये तिथल्या खाद्यात सुमारे ९० टक्के घटक समुद्री होते, २०१३ पर्यंत ते ३० टक्क्यांच्या आसपास आले. तेलाच्या बाबतीत मुख्य जागा घेतली ती मोहरीवर्गातील रेपसीड तेलाने. मासे वाढले आणि व्यवसायही वाढला. मग बिघडले काय?

पहिला इशारा स्कॉटलंडमधून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मिळाला होता. स्टर्लिंग विद्यापीठातील प्रयोगात सूर्यफूल तेलावर वाढवलेल्या सॅल्मनच्या हृदयाचे स्नायू खराब झालेले आढळले, आणि हाताळणीचा ताण येताच त्यातले काही मासे दगावले. नॉर्वेतील नोफिमा या संशोधन संस्थेचे २०१७ मधील निष्कर्ष आपल्याला जास्त उपयोगी आहेत. टाक्यांमध्ये, स्वच्छ पाण्यात, लांब साखळीची ओमेगा-३ मेदाम्ले म्हणजे ईपीए आणि डीएचए अगदी कमी दिली तरी मरतुक वाढली नाही, वाढीत थोडा फरक पडला एवढेच. मात्र अशा कमी ओमेगा-३ च्या खाद्यावरचे मासे समुद्रातील पिंजऱ्यात गेले, पाणी तापले, उवा काढण्यासाठी त्यांची हाताळणी झाली, तेव्हा ते कमी पडले. निवांत दिवसांत सगळी तेले सारखीच दिसतात.

असे का होते, तेही समजून घेऊ. वनस्पती तेलात ईपीए आणि डीएचए नसतात. त्यात असतात लहान साखळीची मेदाम्ले: ओमेगा-६ गटातले लिनोलिक आणि काही तेलांत ओमेगा-३ गटातले लिनोलेनिक. माशाच्या शरीरात या दोन्हींवर तीच विकरे काम करतात. खाद्यात ओमेगा-६ चा भडिमार झाला की विकरे तिकडेच गुंततात आणि पेशींच्या आवरणात ओमेगा-६ ची लांब साखळी साठत जाते. तिच्यापासून दाह वाढवणारी रसायने तयार होतात. जखम, जंतू किंवा कमी प्राणवायू अशी वेळ आली की दाह लवकर भडकतो. शिवाय यकृतात आणि आतड्याच्या पेशींत चरबी साचते. ही चरबी वाहून नेण्यासाठी लेसिथिन आणि कोलीन लागते. लेसिथिन सोयाबीनपासूनच मिळते, म्हणजे येथे वनस्पतीच मदतीला येते.

एक गल्लत सल्ला देणारेही करतात. सॅल्मनच्या आतड्याला सूज येते ती सोयापेंडीतील सॅपोनिनमुळे. सोयाबीन तेलात तो दोष नाही. पेंडीचे खापर तेलावर फोडू नये.

आपल्या माशांचे काय?

सॅल्मनचे निष्कर्ष जसेच्या तसे रोहू-कटल्याला लावणे चूक ठरेल. गोड्या पाण्यातील बहुतेक मासे लहान साखळीपासून लांब साखळी स्वतः तयार करू शकतात. सायप्रिनसला दोन्ही गटांची मेदाम्ले खाद्याच्या साधारण १ टक्का प्रत्येकी लागतात. तिलापियाची मुख्य गरज तर ओमेगा-६ चीच आहे, त्यामुळे सोयाबीन तेल त्याला मानवते. खाऱ्या पाण्यातील व्हेनामी कोळंबीकडे ही क्षमता फारच तोकडी आहे. पालघर, रायगडच्या कोळंबी उत्पादकांनी मत्स्यतेल पूर्ण वगळलेल्या स्वस्त खाद्याच्या नादी लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण क्षमता असली तरी कच्चा माल हवा. सूर्यफूल आणि शेंगदाणा तेलात ओमेगा-३ जवळजवळ नाही. सोयाबीन तेलात ते ७ टक्क्यांच्या आसपास, तर ओमेगा-६ निम्म्याहून जास्त. पाम तेल ऊर्जा देते, बाकी फारसे काही नाही. मोहरीत ओमेगा-३ बऱ्यापैकी असते, पण आपल्या पारंपरिक वाणांत इरुसिक आम्लही भरपूर असते. विदर्भात पिकणाऱ्या जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक ओमेगा-३ असते, त्यामुळे सोयाबीन तेलाचा काही भाग जवसाने बदलणे गोड्या पाण्यातील माशांसाठी तर्काला धरून आहे. अडचण एकच, हे तेल फार लवकर खवट होते.

तळ्यात आणि पिंजऱ्यात फरक आहे, आणि तो या विषयात कळीचा आहे. शेततळ्यात किंवा गावतळ्यात शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा घालून वर्षानुवर्षे मासे निघत आले, कारण उरलेली ओमेगा-३ प्लवंगातून मिळत होती. जलाशयातील पिंजऱ्यात दाटीने कोंडलेल्या पंगॅशियस किंवा तिलापियाला प्लवंग नावापुरताच मिळतो. तिथे पिशवीतले खाद्य हेच सर्वस्व. उन्हाळ्यात पाणी खाली जाते, पहाटे प्राणवायू घटतो, त्यातच प्रतवारी आणि जाळे बदलणे चालू असते. नॉर्वेच्या पिंजऱ्यातला तो ताण आपल्याकडे या रूपात येतो.

खवट तेल हा मोठा शत्रू

तेल कोणते यापेक्षाही ते ताजे आहे का, याकडे आधी बघावे. जपानमध्ये रेशीमकिड्यांच्या खवट कोषांवर वाढवलेल्या सायप्रिनसच्या पाठीचे मांस झडत असे. खाद्यात जीवनसत्त्व ई वाढवल्यावर तो रोग टळला. वनस्पती तेलातली असंतृप्त मेदाम्लेही उष्णता आणि हवेने अशीच खवट होतात. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे काढलेल्या पिशवीला रंगाचा उग्र वास येत असेल, तर ते खाद्य माशांना घालू नये. हॉटेलातले तळणाचे वापरलेले तेल खाद्याला चोळण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो, तो ताबडतोब थांबवावा.

औषध किंवा प्रोबायोटिक चिकटवण्यासाठी तेल वापरताना हिशोब ठेवावा. किलोमागे ३० मिली तेल म्हणजे जवळपास २७ ग्रॅम. पाच टक्के फॅटचे खाद्य साडेसात टक्क्यांवर गेले. चार-पाच दिवस ठीक, पण महिनाभर असे चालले तर पंगॅशियसच्या पोटात चरबीच्या गाद्या तयार होतात. दर महिन्याला एक-दोन मासे कापून पाहावेत. निरोगी यकृत तपकिरी-लाल दिसते. ते फिकट पिवळे, तेलकट आणि हाताला ठिसूळ लागत असेल तर खाद्य तपासून घ्यावे. विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात: तेल कशाचे, मत्स्यतेल किती, जीवनसत्त्व ई घातले आहे का. उत्तर लगेच मिळेलच असे नाही, पण पन्नास पिंजरे असलेल्या संस्थेने लेखी विचारले तर कंपनीला उत्तर द्यावे लागते.

विस्तार कार्यकर्त्यांनी दोन खाद्यांची तुलना करताना वजनवाढ आणि खाद्य रूपांतर गुणोत्तरावर थांबू नये. दोन्ही गटांची प्रतवारी एकाच दिवशी, एकाच पद्धतीने करावी आणि पुढचे दहा दिवस दोन्हींतले मेलेले मासे रोज मोजून वहीत लिहावेत.