विश्लेषण : क्वार्टरबॅक कमी पडला की साथीदार? ब्राइस यंगच्या तीन हंगामांतून काय दिसते?

अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल) दरवर्षी एखादा तरुण क्वार्टरबॅक संघाचा तारणहार म्हणून येतो आणि वर्षभरातच त्याच्यावर अपयशाचा शिक्का बसतो. कॅरोलिना पँथर्सचा ब्राइस यंग हे त्याचे ठळक उदाहरण. २०२३च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या यंगला दुसऱ्याच हंगामात राखीव खेळाडूंत बसावे लागले. दोष त्याचा होता की त्याच्याभोवतीच्या संघाचा?

क्वार्टरबॅकला साथीदार इतके का लागतात?

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाची जवळपास प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. मात्र चेंडू हातात आल्यावर निर्णयासाठी त्याला साधारण अडीच ते तीन सेकंदच मिळतात. तेवढा वेळ मिळवून देणे हे समोर उभ्या असलेल्या पाच धिप्पाड खेळाडूंचे, म्हणजे ‘ऑफेन्सिव्ह लाइन’चे काम. त्याच वेळी रिसीव्हरने बचावपटूला चकवून मोकळी जागा शोधायची असते. लाइन कोसळली तर क्वार्टरबॅक चेंडूसह जमिनीवर पाडला जातो. यालाच ‘सॅक’ म्हणतात. रिसीव्हर मोकळा झाला नाही, तर उत्तम फेकही प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाऊ शकते. एकाचे अपयश असे दुसऱ्याच्या नावावर जमा होते.

यंगच्या वाट्याला कोणता संघ आला?

पहिला क्रमांक मिळवण्यासाठी पँथर्सने शिकागो बेअर्सशी मोठा सौदा केला. पहिल्या फेरीच्या दोन आणि दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी दिल्याच, शिवाय आपला सर्वोत्तम रिसीव्हर डी. जे. मूरही देऊन टाकला. म्हणजे यंगला आणण्यासाठी मोजलेल्या किमतीत त्याचा सर्वांत उपयुक्त साथीदारच गेला. पहिल्या हंगामात त्याचा मुख्य आधार होता तो तिशी ओलांडलेला अ‍ॅडम थीलन. दुखापतींमुळे लाइनमधील गार्ड सतत बदलत राहिले. यंग ६२ वेळा सॅक झाला. पँथर्सने १७ पैकी केवळ दोन सामने जिंकले आणि प्रशिक्षक फ्रँक राइक यांना हंगामाच्या मध्यावरच काढण्यात आले.

स्ट्राउडशी तुलना योग्य आहे का?

त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला सी. जे. स्ट्राउड ह्यूस्टन टेक्सन्सकडे गेला. पहिल्याच वर्षी त्याने २३ टचडाउन पास दिले, त्याचे केवळ पाच चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागले. यंगसाठी हे आकडे होते ११ आणि १०. ‘पँथर्सने चुकीचा खेळाडू निवडला’ असा निष्कर्ष तेव्हा सर्रास काढला गेला. मात्र २०२४मध्ये ह्यूस्टनची लाइन ढासळली, स्ट्राउड ५२ वेळा सॅक झाला आणि त्याचे आकडे २० टचडाउन व १२ इंटरसेप्शनवर घसरले. खेळाडू तोच होता, आजूबाजूची परिस्थिती बदलली होती.

मग सारा दोष साथीदारांचाच?

तसेही नाही. २०२४च्या हंगामाआधी पँथर्सने रॉबर्ट हंट आणि डेमियन लुइस या दोन गार्डना मोठ्या रकमांचे करार दिले. एकट्या हंटचा करार पाच वर्षांसाठी १० कोटी डॉलरचा होता. आक्रमणाची जाण असलेले डेव्ह कॅनालेस मुख्य प्रशिक्षक झाले. तरीही पहिले दोन सामने पँथर्सने ४७-१० आणि २६-३ असे गमावले. यंगला बाहेर बसवून अनुभवी अँडी डाल्टनला खेळवले, तेव्हा त्याच साथीदारांसह संघाने पुढचा सामना जिंकला. त्या घडीला तरी अडचण यंगच्या खेळातही होती, हे मान्य करावे लागते.

मूरच्या बाबतीतही हेच दिसते. शिकागोत तो जस्टिन फील्ड्स या तरुण क्वार्टरबॅकच्या मदतीला आला आणि २०२३मध्ये त्याने १३६४ यार्डांची कमाई केली. तरी बेअर्सने फील्ड्सला सोडले आणि पँथर्सकडून मिळालेल्या निवडीवर केलेब विल्यम्सला घेतले. चांगला साथीदार मिळाला, पण क्वार्टरबॅकची जागा वाचली नाही.

आधी रिसीव्हर की आधी लाइन?

या प्रश्नावर एनएफएलमध्ये एकमत नाही. बफेलो बिल्सने २०२०मध्ये स्टेफॉन डिग्ज हा रिसीव्हर आणला. जॉश अ‍ॅलनच्या अचूक पासचे प्रमाण २०१९मधील ५८.८ टक्क्यांवरून त्या वर्षी ६९.२ टक्क्यांवर गेले. सिनसिनाटी बेंगल्सने २०२१मध्ये लाइनमन पेनी स्यूएलऐवजी रिसीव्हर जामार चेसला निवडले. जो बरोने संघाला सुपर बोलपर्यंत नेले, पण नियमित हंगामात तो ५१ वेळा आणि अंतिम सामन्यात सात वेळा सॅक झाला. रिसीव्हर खेळाची उंची वाढवतो. लाइन मात्र क्वार्टरबॅकला उभा ठेवते आणि घाबरून खेळण्याची सवय लागू देत नाही.

संघांना घाई कशाची असते?

ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा आणि तुलनेने स्वस्त असतो. यंगचा करार चार वर्षांसाठी सुमारे ३ कोटी ८० लाख डॉलरचा आहे. प्रस्थापित क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटला वर्षाला सरासरी सहा कोटी डॉलर मिळतात. प्रत्येक संघाच्या वेतनखर्चाला मर्यादा असल्याने साथीदारांवर खर्च करण्याची खरी संधी याच चार वर्षांत असते. शिवाय पहिल्या फेरीतील खेळाडूला पाचव्या वर्षासाठी ठेवायचे का, हे तिसऱ्या हंगामानंतरच ठरवावे लागते. पहिली दोन वर्षे कमकुवत संघात वाया गेली, तर निर्णय अर्धवट माहितीवर घ्यावा लागतो.

यंगच्या उदाहरणातून काय निष्पन्न होते?

ऑक्टोबर २०२४मध्ये डाल्टन मोटार अपघातात जखमी झाल्याने यंग परतला आणि तो अधिक शांतपणे खेळू लागला. २०२५च्या ड्राफ्टमध्ये आठव्या क्रमांकावर टेटायरोआ मॅकमिलन हा उंचापुरा रिसीव्हर त्याला मिळाला. पँथर्सने ८-९ अशा कामगिरीवर आपला विभाग जिंकला आणि लॉस एंजलिस रॅम्सविरुद्धचा बाद फेरीतील सामना ३४-३१ असा थोडक्यात गमावला. विभागातील चुरस बेताचीच होती, त्यामुळे या यशाने यंग थोर ठरत नाही. पण २०२३मध्येच त्याला मोडीत काढणे घाईचे होते, एवढे नक्की. क्रिकेटमध्ये दुसऱ्या टोकाला सतत गडी बाद होत असतील, तर खेळपट्टीवर उरलेल्या फलंदाजाची धावसंख्या त्याची कुवत सांगत नाही. तसेच हे आहे. चांगले साथीदार यशाची हमी देत नाहीत. तरुण क्वार्टरबॅकला त्यामुळे न्याय्य परीक्षा मिळते आणि निकाल काहीही लागला, तरी संघाला त्यावर विश्वास ठेवता येतो.