अडीच इंचांचा अट्टहास

‘एक्झॉस्टचा पाईप जितका जाड तितकं इंजिन मोकळं, आणि इंजिन मोकळं तितकी हॉर्सपॉवर जास्त.’ पुण्यात गाडीवेड्यांच्या एका जमावात एका ट्यूनरनं हे ठणकावून सांगितलं आणि 1197 सीसीच्या, टर्बो नसलेल्या स्विफ्ट घेऊन आलेली पोरं माना डोलवत राहिली. मला तिथेच चीड आली. त्याचा युक्तिवाद असा: कंपनी पैसे वाचवायला बारीक पाईप लावते, रेसच्या गाड्यांना जाड पाईप असतात, म्हणून हेडरपासून, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या नळ्यांपासून, शेपटापर्यंत सगळं बदला आणि मागे अडीच इंची टाका. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, आकडा वाढलेला दिसेल.

कंपनीला आवाज, वजन आणि जमिनीपासूनची उंचीही सांभाळावी लागते. रेसची गाडी 2000 आरपीएमवर चालवायची नसते. हे दोन मुद्दे एवढ्यावरच संपतात.

आता हिशोब करू. 1.2 लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन 6000 आरपीएमवर सेकंदाला जास्तीत जास्त 60 लिटर हवा ओढतं, प्रत्यक्षात थोडी कमीच. जळून ती 600 अंश सेल्सिअसला पाईपात आली असं धरलं, तर तिचे सुमारे 160 लिटर होतात. दीड मिलिमीटर जाडीच्या पत्र्याच्या दोन इंची पाईपात हा वायू सेकंदाला 90 मीटरच्या आसपास धावतो. अडीच इंचीत तोच वेग 56 वर येतो. अडीच इंचीत घर्षणाचा दाब एक तृतीयांशावर येतो हे मी मान्य करतो. पण मुळात तो होता किती? तीन मीटर सरळ, दोन इंची पाईपात वातावरणीय दाबाच्या दोन-तीन टक्के. खरा अडथळा असतो चेपलेल्या बेंडमध्ये, सायलेन्सरच्या पोटात आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये. तो तिथेच ठेवून मधली सरळ नळी रुंद करायची आणि त्याचे पैसे घ्यायचे, ही ग्राहकाची फसवणूक आहे.

हेडरच्या नळ्या जाड केल्या की नुकसान आणखी वाढतं. इंजिन वायू सलग सोडत नाही, धक्क्याधक्क्यानं सोडतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट सेकंदाला 500 मीटरहून जास्त वेगानं निघते. ती हेडरच्या नळ्या एकत्र येतात त्या कलेक्टरशी पोचली की कमी दाबाची लाट उलट फिरते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत असताना आणि इनटेक उघडत असताना ती परतली, तर उरलेला धूर ओढून काढते आणि ताजी हवा आत घेते. नळी गरजेपेक्षा जाड असली की ही ओढ मंदावते, वायूचा वेगही पडतो, आणि खालच्या आरपीएमला पिकअप जातो. वरंधा घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला गाडी 2000 ते 4000 मध्येच असते. तिथे 6000 वरचा आकडा काय कामाचा?

हा वाद नवा नाही. टू-स्ट्रोक आरएक्स 100 मोटरसायकलच्या काळात सायलेन्सरमधली जाळी काढून आवाज वाढवला की गाडी पळते, असं कोल्हापुरात शपथेवर सांगणारे भेटत. टू-स्ट्रोकमध्ये तर एक्झॉस्टचा आकार हा इंजिनाचाच भाग असतो. तेव्हाही आवाजालाच ताकद समजत होते, आजही तेच समजतात. ‘इंजिनाला बॅक प्रेशर लागतंच’ म्हणणारा दुसरा पंथही तितकाच चुकीचा आहे. इंजिनाला अडथळा नको असतो. वेग आणि लाटांची वेळ जुळायला हवी असते.

टर्बो गाडीची गोष्ट वेगळी. टर्बाइन लाटा मोडतं आणि त्याच्यामागे दाब जितका कमी तितकं बरं, म्हणून तिथे जाड पाईप योग्यच. टर्बो नसलेल्या 1.2 लिटरला मात्र पावणेदोन ते दोन इंच पुरतात. बेंड मँड्रेलवर वळवलेले हवेत, म्हणजे वळणावर नळी चेपत नाही. हेडरच्या नळ्यांची लांबी सारखी हवी.

आवाज वाढला तर केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 120 वा नियम आडवा येतोच.

पाईप कापायला देण्याआधी ट्यूनरकडे 2000 पासून 6000 पर्यंतचा, आधीचा आणि नंतरचा, पूर्ण डायनो आलेख मागा. तो फक्त शेवटचा आकडा दाखवत असेल, तर गाडी तिथून परत आणा.