पिशवी काढली तर मोजता, पिशवी खरवडली तर?

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण देशभर गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ८२,००० हून जास्त बायांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,००० हून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. आम्हीही तेव्हा रस्त्यावर होतो. निवेदनं दिली, घोषणा दिल्या, तहसीलसमोर बसलो. आज आम्हाला आमचीच एक चूक कबूल करायची आहे. आम्ही फक्त काढलेल्या पिशव्यांबद्दल बोललो. ज्या पिशव्या पोटातच आहेत पण आतून खरवडून निकामी झाल्यात, त्यांच्याबद्दल आम्ही एक शब्द काढला नाही. कारण आम्हाला ते माहीतच नव्हतं. आणि माहीत करून घ्यायची गरज आम्हाला वाटली नव्हती.

ते माहीत करून दिलं आमच्याच वस्तीतल्या एका ताईने. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्यावर गेलेले. तिसरा महिना असताना फडातच पोट पडलं. मुकादमाने गाडी दिली, तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथे "पिशवी धुवावी लागेल" एवढं सांगून अर्ध्या तासात काम उरकलं. चौथ्या दिवशी ती पुन्हा मोळ्या बांधत होती. दोन आठवड्यांनी ताप आणि रक्तस्राव, म्हणून पुन्हा त्याच दवाखान्यात, पुन्हा पिशवी धुणं. दोन्ही वेळचा कागद कुठे? नाही. बिल? मुकादमाच्या वहीत, उचलीत वाढवलेलं.

त्यानंतर तिची पाळी आली नाही. आधी वाटलं दिवस गेले. तपासणी केली, तर नाही. मग वाटलं अंगात रक्त नाही. गावातल्या डॉक्टरने पाळी येण्याच्या पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, पाळी आली नाही. पुन्हा दिल्या, पुन्हा नाही. दुसऱ्याने रक्ताच्या तपासण्या लिहिल्या, सगळं नॉर्मल. तिसऱ्याने सोनोग्राफी केली, "थोडी पातळ दिसते" म्हणाला आणि टॉनिक दिलं. चौथ्याने सरळ सांगितलं, पिशवी खराब झालीय, काढून टाका. ती तेव्हा २६ वर्षांची होती. दर महिन्याला ठरावीक दिवशी ओटीपोटात कळा येत, छाती जड होई, पण अंगावरून काहीच जात नसे. विहारात बाकीच्या बाया गेल्यावर ती मागे थांबली आणि म्हणाली, "ताई, पाळीच येईना. मी आता बाई हाय का न्हाई?"

या दुखण्याला नाव आहे. जर्मनीतल्या हाइनरिश फ्रिट्श या डॉक्टरने १८९४ साली त्याची पहिली नोंद केली आणि १९४८ साली जोसेफ ॲशरमन यांनी ते सविस्तर मांडलं, म्हणून त्याला ॲशरमन सिंड्रोम म्हणतात. म्हणजे शंभर वर्षांहून जुनी माहिती आहे, वैद्यकीय पुस्तकात आहे. आमच्या ताईला चार डॉक्टरांपैकी एकानेही ती सांगितली नाही.

आमच्या बायांना ते ऊसाच्या भाषेत सांगितलं की लगेच कळतं. ऊस तोडला तरी खोडवा फुटतो, कारण बुडखा जमिनीत शाबूत असतो. पिशवीच्या आतल्या अस्तराचंही तसंच. वरचा थर दर महिन्याला पाळीतून निघून जातो आणि खालच्या मूळ थरातून नवा फुटतो. पोट पडल्यावर धातूच्या क्युरेटने खोलवर खरवडलं, तर तो बुडखाच निघून जातो. मग समोरासमोरच्या भिंती जखमेसारख्या एकमेकींना चिकटतात, जाळं तयार होतं. अंडाशयं मात्र ठणठणीत असतात, म्हणून रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल येतात. गोळ्यांनी पाळी येत नाही, कारण बाहेर पडायला अस्तरच उरलेलं नसतं. किंवा थोडं उरलेलं असतं पण खालची वाट चिकटून बंद झालेली असते, आणि मग रक्त आतच कोंडून दर महिन्याला कळा येतात. साधी सोनोग्राफी हे बऱ्याचदा पकडत नाही. पिशवीत दुर्बीण घालून बघावं लागतं.

हे दुर्मीळ आहे, असं आम्हाला एका डॉक्टरसाहेबांनी ऐकवलं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात, गर्भपात झालेल्या ज्या बायांची नंतर दुर्बिणीने तपासणी झाली, त्यांच्यात साधारण पाचातल्या एकीला अशी चिकटण आढळली. त्यातल्या निम्म्याहून जास्त सौम्य होत्या, हेही आम्ही सांगतो, कारण आम्हाला कुणाला घाबरवायचं नाही. पण त्याच आढाव्यात हेही आहे की पिशवी जितक्या वेळा खरवडली, तितकी जोखीम वाढते. आमच्या ताईची दोन आठवड्यांत दोनदा खरवडली. तपासणीच होत नाही तिथे दुर्मीळ म्हणायला काय जातं? जातिअत्याचारही पोलीस ठाण्यात नोंद होत नाही तोवर दुर्मीळच असतो.

आता मूळ मुद्दा. पोट पडलं की प्रत्येक वेळी खरवडावंच लागतं का? नाही. अनेकदा पिशवी काही दिवसांत आपोआप रिकामी होते, फक्त ताप आणि रक्तस्रावावर लक्ष ठेवायचं असतं. नाहीतर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या आहेत, स्वस्त आहेत. आणि पिशवी रिकामी करावीच लागली, तर हाताने चालणारी व्हॅक्यूम सिरिंज आणि प्लास्टिकची नळी आहे, जिला वीजही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं आहे की धातूच्या क्युरेटने खरवडणं ही कालबाह्य पद्धत आहे, ती बंद करून व्हॅक्यूम पद्धत वापरावी. आपल्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. व्हॅक्यूमनेही जोखीम शून्य होत नाही, पण बरीच कमी होते. बाई रक्तस्रावाने मरणाच्या दारात असेल तर डॉक्टरने हाती असेल त्या हत्याराने तिला वाचवावं, त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. आमचं म्हणणं त्या बाकीच्या दुपारांबद्दल आहे, जेव्हा बाई चालत आत आली होती आणि तरीही क्युरेट उचलली गेली.

का उचलली गेली? त्या डॉक्टरसाहेबांनी याचं उत्तर दिलं, आणि ते अर्धं खरं आहे. ते म्हणाले, "तुमच्या बाया थांबायला तयार नसतात. गोळ्या दिल्या तर आठवडाभर रक्त जातं, पुन्हा दाखवायला यावं लागतं. त्या म्हणतात, डॉक्टर, आजच मोकळं करा." बरोबर आहे, म्हणतात. पण का म्हणतात ते विचारलंत का? एक दिवस फडावर गेलं नाही की खाडा. कुठे पाचशे, कुठे त्याहून जास्त, आणि तो अख्ख्या कोयत्याला. बाई पालात झोपली तर नवऱ्याचीही मजुरी बुडते. फडावर संडास नाही, पाणी नाही, रक्त जात असताना बसायला आडोसा नाही. अशा बाईला "एक आठवडा वाट बघू" हा पर्याय देणं म्हणजे तिची थट्टा आहे. तिच्या पिशवीत कोणतं हत्यार जाणार हे डॉक्टरने ठरवायच्या आधी मुकादमाच्या वहीने ठरवलेलं असतं. २०१९ मध्ये आम्ही हेच म्हणत होतो की खाडा चुकवायला बाया पिशवी काढतात. त्याच खाड्यामुळे पिशवी खरवडली जाते, पाळी जाते, आणि मग "खराब झाली" म्हणून तीच पिशवी काढायचा सल्ला मिळतो. म्हणजे आधीचं पाप पुढच्या ऑपरेशनखाली गाडलं जातं.

आणि कायदा? १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून पोट पडल्यावर सहा आठवडे पगारी रजेची तरतूद आहे. सहा आठवडे! ऑफिसातल्या बाईला ती मिळते, आणि मिळायलाच हवी. ऊस तोडणारीला नाही, कारण कारखाना म्हणतो ही आमची कामगार नाही, मुकादमाची आहे, आणि मुकादम म्हणतो मी कसला मालक. साखर मात्र कारखान्याची असते. तो तिथे मालक असतो.

बाबासाहेबांनी जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना मांडलं होतं की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा बोजा सरकारने उचलला पाहिजे, आणि जो मालक त्या बाईच्या श्रमातून नफा मिळवतो त्यालाही त्यातून सुटका नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी संततिनियमनाचा ठराव त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी विधानसभेत मांडला, तेव्हा बाईच्या शरीरावर लादल्या जाणाऱ्या बाळंतपणांचा प्रश्न या राज्याच्या सभागृहात आला. तो ठराव पडला. म्हणजे हा विषय "बायकांचा खाजगी" म्हणून विहाराच्या मागच्या खोलीत ढकलणाऱ्या आमच्या कार्यकर्त्या भावांनी जरा आपलाच इतिहास वाचावा. जयंतीच्या वर्गणीसाठी घरोघरी फिरता, तसे या प्रश्नासाठी कधी फिरलात?

इथे घरातलंही बोललं पाहिजे. पाळी आली की विटाळ आणि पाळी गेली की वांझ, हा खेळ मनूचाच आहे. सोयराबाईंनी शेकडो वर्षांपूर्वी विटाळावर बोट ठेवलं, आपण २२ प्रतिज्ञा घेतल्या, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब लावले. तरी आमच्या या ताईला नणंदेच्या मुलीच्या बारशाला पाळण्याजवळ जाऊ दिलं नाही. सासूने करणीचा संशय घेतला, एका बुवाकडे नेलं, पंधराशे रुपये घालवले. नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू झाली ती बौद्ध घरातच. हे लिहिताना आम्हाला लाज वाटते. ती दर महिन्याच्या त्या दिवसांत मुद्दाम कपडे धुवायला नदीवर जायची, शेजारणींना वाटावं म्हणून. पाळी लपवायला शिकवलेल्या बाईवर पाळी नसल्याचं लपवायची वेळ आली.

एक सावधानतेचा शब्द. या लेखाचा आधार घेऊन कुणी गर्भपाताच्या हक्कावर बोट उचलू नये. १९७१ चा कायदा बायांच्या लढ्यासाठी मोलाचा आहे. दवाखान्याची दारं बंद केली की काटक्या, मुळ्या आणि भोंदू वैदू उरतात, आणि त्यात कोण मरतं हे आम्हाला माहीत आहे. आमची मागणी चांगल्या पद्धतीची आहे, बंदीची नाही.

ताईचं पुढे काय झालं? आम्ही तिला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेलं. तीन खेपा झाल्या. खाजगीत दुर्बिणीच्या ऑपरेशनचे चाळीस हजार सांगितले होते. इथे वेळ लागला, रांगा लागल्या, पण एका तरुण डॉक्टर बाईंनी पहिल्यांदा तिला विचारलं, "शेवटची पाळी पिशवी धुण्याआधी आली होती का?" साधा प्रश्न. दीड वर्षात कुणी विचारला नव्हता. त्यांनी आधी क्षयाची तपासणी केली, कारण आपल्या देशात गर्भाशयाच्या क्षयानेही असंच चिकटतं आणि आपल्या वस्त्यांत क्षय कमी नाही. तो निघाला नाही. मग दुर्बिणीतून बारीक कात्रीने जाळं सोडवलं, पुन्हा चिकटू नये म्हणून हार्मोनच्या गोळ्या दिल्या, दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण. डॉक्टर बाईंनी खोटा दिलासा दिला नाही. पाळी येईल, मूल राहील की नाही सांगता येत नाही, राहिलं तर वार पिशवीला घट्ट चिकटण्याचा धोका असतो, म्हणून बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच करायचं. दुसऱ्या दुर्बिणीनंतरच्या महिन्यात ताईला थोडंसं लाल दिसलं. सकाळी सहा वाजता तिने आम्हाला फोन केला आणि बराच वेळ काही बोललीच नाही.

आमच्या मागण्या लांबलचक नाहीत. तालुक्याच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात व्हॅक्यूम सिरिंज आणि ती वापरणारं माणूस. पोट पडलेल्या बाईला काय केलं, कशाने केलं, याचा मराठीत लिहिलेला कागद. सहा आठवड्यांनी आशाताईच्या वहीत एकच रकाना: पाळी आली का? आणि सहा आठवड्यांची मजुरी ऊसतोड कामगार महामंडळाने द्यावी, ती उचलीतून कापायची नाही, त्या दिवसांचा खाडा लावायचा नाही. महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे पैसे घ्यायचे ठरलेलं आहे. त्या टनात आमच्या बायांनी बांधलेल्या मोळ्या आहेत.

मागण्या मान्य होईपर्यंत आम्ही बसून राहणार नाही. दसऱ्यानंतर गाड्या निघतात. त्याआधीच्या दोन रविवारी विहारात प्रत्येक कोयत्यातल्या बाईला एक कार्ड देणार आहोत. त्यावर आधी कधी पोट पडलं, पिशवी धुतली का, किती वेळा, त्यानंतर पाळी कोणत्या तारखेला आली, हे लिहायचं. मागच्या बाजूला डॉक्टरला विचारायचे तीन प्रश्न आहेत: थांबलं तर चालेल का, गोळ्यांनी होईल का, खरवडणार की व्हॅक्यूम? ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी लिहायला कॉलेजच्या आठ मुली तयार आहेत. पुरुषांनीही यावं, खुर्च्या मांडायला नाही, ऐकायला. पहिलं कार्ड ताईने स्वतः भरलंय.