बगळा राखाडी का होतो?

महाविद्यालयीन छायाचित्र-स्पर्धेत परीक्षक म्हणून बसण्याचा प्रसंग आम्हां मराठीच्या अध्यापकांवर अधूनमधून येतो. पक्ष्यांच्या छायाचित्रांविषयी तिथे दोनच गुण ऐकू येतात: चित्र स्पष्ट आहे आणि जवळून टिपलेले आहे. कवितेविषयी एवढेच लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही ती पुन्हा वाचायला लावू. छायाचित्राबाबत मात्र आपण फार लवकर समाधानी होतो. वस्तुतः तिथेही पदोपदी निवड असते, आणि जिथे निवड आहे तिथे समीक्षेलाही वाव आहे.

प्रथम प्रकाशाचा विचार करू. कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाला पक्षी कळत नाही. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे आहे, असे गृहीत धरून तो हिशेब मांडतो. म्हणून चौकट भरून राहिलेला शुभ्र बगळा राखाडी उमटतो. तिथे एक्स्पोजर एखाद्या स्टॉपने वाढवावे लागते. तोच बगळा गडद पाण्यावर लहानसा दिसत असेल, तर मापक अंधार उजळू पाहतो आणि पिसांचा पोत पांढऱ्या डागात नाहीसा होतो; तिथे एक्स्पोजर घटवावे लागते. उजळ आकाशासमोरच्या पाणकावळ्याची तर नुसती काळी आकृती उरते. काळा पक्षी असूनही तिथे एक्स्पोजर वाढवायचे असते.

म्हणजे 'पांढऱ्याला वाढवा, काळ्याला घटवा' हे पाठांतर अपुरे आहे. पक्षी आणि पार्श्वभूमी यांचे नाते वाचावे लागते. संदर्भावाचून शब्दाचा अर्थ लागत नाही, असे वर्गात आपण वेगळे काय सांगतो? संदेह असेल तेव्हा पांढरा रंग आधी सांभाळावा. डिजिटल चित्रातील सावल्या मागाहून काहीशा उजळता येतात, पण पूर्णपणे जळालेला पांढरा परत मिळत नाही.

मांडणीचेही तेच. चौकटीच्या मध्यभागी कोंबलेला पक्षी ओळखपत्रावरील फोटोसारखा दिसतो. तो ज्या दिशेला पाहतो तिकडे मोकळी जागा सोडली, की त्याच्या नजरेला अर्थ येतो. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणला, की मागचे पाणी दूर सरते, धूसर होते आणि पक्षी उठून दिसतो. जवळ जाण्यापेक्षा खाली वाकणे अनेकदा अधिक उपयोगी पडते.

हे सारे आम्हांला भिगवणजवळ, उजनी जलाशयावर, एका हिवाळी सकाळी प्रकर्षाने जाणवले. उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा माना खाली घालून चरत होता. शेजारच्या नावेतील एका छायाचित्रकाराने नाव थेट थव्यात घालायला सांगितली. कारण उघड होते. रोहित उडाला, की मिटलेल्या पंखांत दडलेला लाल रंग उलगडतो. थवा उठला, शटर कडाडले आणि पक्ष्यांची न्याहारी तिथेच संपली. अशी उठबस दिवसातून अनेकदा घडली, तर चरण्याचा वेळ आणि शक्ती दोन्ही वाया जातात.

कलाकृती कशी घडली याच्याशी रसिकाला काय कर्तव्य, असा आक्षेप इथे येईल. कवितेपुरता तो आम्ही विचारात घेऊ. परंतु वन्यपक्ष्याचे छायाचित्र 'हे असे होते' असा दावा करते. ते 'असे' छायाचित्रकारानेच घडवून आणले असेल, तर दावा खोटा ठरतो. शिवाय हा दोष चित्राबाहेर राहत नाही. मागून हाकललेले पक्षी आपल्यापासून दूर उडतात. चौकटीत त्यांच्या पाठी उरतात. पांढरा रंग अचूक सांभाळलेला असला, तरी ते पळापळीचेच चित्र असते.

त्या दिवशी आमच्या नावाड्याने विनंतीवरून वल्ही थांबवली. आमच्या चित्रांत रोहित लहान आहेत, पाणी पुष्कळ आहे. 'पक्षी फारच लांब आहेत,' असे एका विद्यार्थिनीने सांगितले, आणि ते खरेच आहे. मात्र प्रत्येकाची मान पाण्यात आहे.

म्हणून आमचे आग्रहाचे म्हणणे एवढेच, की स्पर्धांनी चित्रासोबत चार ओळींचे निवेदन मागावे: पक्षी काय करीत होता, आपण किती अंतरावर होतो, आणि चित्र घेतल्यानंतर तो तिथेच होता का? परीक्षकांनी त्या ओळीही चित्राइतक्याच बारकाईने वाचाव्यात. वाचणे हे तर आपले कामच आहे.